लक्ष्य आडवं वळलं की रडारवरून का जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये मिराज २००० उडवताना साठ-सत्तर किलोमीटरवरचं विमान रडारवर स्वच्छ दिसत होतं, त्याने बाजूला वळण घेतलं आणि ते पुसल्यासारखं गेलं. म्हणून मिग-२१ घेऊन पाहिलं, तर कमी उंचीवर पडदाच कचऱ्याने भरला. हा बग आहे की खरी रडारंही अशीच वागतात? आणि वागत असतील, तर रडार गाळून टाकतं ती पट्टी खऱ्या विमानात नेमकी किती रुंद असते?

खरी रडारंही अशीच वागतात. ती तशी का वागतात हे एकदा नीट कळलं की तुमची उडण्याची पद्धतच बदलेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मी गेली वीसेक वर्षं जहाजांवरची रडारं बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, आणि १९९८ साली फाल्कन ४.० आलं तेव्हापासून सिम्युलेटर उडवतो. लढाऊ विमानाचं रडार मी कधी उघडून पाहिलेलं नाही. पण भौतिकशास्त्र तेच आहे, आणि जहाजावरचं एक्स बँड रडार साधारण त्याच तीन सेंटिमीटर तरंगलांबीवर चालतं.

एक प्रसंग सांगतो. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या नुकत्याच समुद्रात उतरल्या होत्या, पण पावसाळी वारा अजून ओसरला नव्हता. मुंबईबाहेर एका टगवर नव्या रडारची चाचणी चालू होती. पडद्याच्या मध्याभोवती लाटांचा पांढरा भुगा पसरलेला, वाऱ्याच्या बाजूला जास्तच दाट. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने सी क्लटरचं, म्हणजे लाटांचे प्रतिध्वनी दाबणारं बटण फिरवत नेलं. पडदा काळाभोर, स्वच्छ झाला. त्याला बरं वाटलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर वाऱ्याच्याच बाजूला, अर्ध्या मैलावर, एक लाकडी होडी लाटांवर वरखाली होत होती. पडद्यावर तिचा ठिपकासुद्धा नव्हता. बटण थोडं मागे घेतलं तेव्हा लाटांच्या भुग्यात एक ठिपका दर फेरीला त्याच जागी उमटायला लागला. तीच होडी.

रडारचं खरं काम त्या बटणात आहे. पाठवलेल्या लहरी सगळ्यावरूनच परत येतात: डोंगर, लाटा, पाऊस, पक्ष्यांचे थवे, महामार्गावरचे ट्रक. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावर रडारची गुणवत्ता ठरते. सुपात धान्य पाखडताना फोलपटाबरोबर हलका दाणाही उडून जातो. तुमच्या मिराजमध्ये तेच झालं. मिग-२१ मध्ये मात्र पाखडायला सूपच धड नव्हतं.

आधी मिग-२१ चं बघू, कारण ते सोपं आहे. मिग-२१ बिसचं रडार साधं पल्स रडार आहे. ते लहर सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजतं. एका मायक्रोसेकंदाला दीडशे मीटर, एवढाच हिशेब. नाकासमोर दोन्ही बाजूंना तीस-तीस अंश एवढीच त्याची नजर, आणि पडदा तीस किलोमीटरचा. आता तुम्ही वरून खाली पाहताय, लक्ष्य दहा किलोमीटरवर आहे आणि त्याच्या आजूबाजूची जमीनही दहा किलोमीटरवर आहे. दोघांचे प्रतिध्वनी एकाच वेळी येतात. जमिनीचा प्रतिध्वनी कैक पटींनी मोठा असतो. वेळ एवढीच खूण हातात असेल तर ते दोन वेगळे करायला मार्ग नाही. म्हणून त्या काळचे वैमानिक लक्ष्याच्या खाली राहून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर वर पाहत असत, आणि कुठे पाहायचं ते जमिनीवरचे नियंत्रक रेडिओवर सांगत. नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये वर्षानुवर्षं बांधलेलं हे विमान आपल्या हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. त्याच्याबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, मलाही आहे. पण सिम्युलेटरमध्ये ते खालच्या उंचीवर आंधळं होत असेल, तर ते प्रामाणिक चित्रण आहे.

मिराजचं रडार दुसऱ्या पिढीचं. (एक खुलासा: सिम्युलेटरमधल्या २०००सी मध्ये आरडीआय रडार आहे. १९८५ पासून ग्वाल्हेरला आलेल्या आपल्या मिराजमध्ये सुरुवातीला आरडीएम होतं, ते वेगळं. त्यामुळे 'आपल्या मिराजचं रडार' म्हणून थेट तुलना करू नका.) आरडीआय हे पल्स डॉप्लर रडार आहे. ते वेळेबरोबर परत आलेल्या लहरीची वारंवारताही मोजतं. समोरून येणाऱ्या वस्तूवरून लहर थोडी चढ्या वारंवारतेने परतते. तीन सेंटिमीटर तरंगलांबीला दर सेकंदाला तीनशे मीटर जवळ येणाऱ्या वस्तूसाठी हा फरक वीस किलोहर्ट्झ असतो. दहा गिगाहर्ट्झच्या मानाने तो नगण्य, पण मोजता येतो.

आता हिशेब करा. तुमचा वेग सेकंदाला २५० मीटर. समोरची जमीनही तुमच्याकडे २५० च्या वेगानेच येतेय. तेवढ्याच वेगाने समोरून येणारं विमान ५०० ने जवळ येतंय. रडारला स्वतःचा वेग आणि अँटेनाची दिशा माहीत असते, म्हणून ते त्या दिशेच्या जमिनीचा वेग काढून तेवढी पट्टी कापून टाकतं. जमीन गेली, विमान राहिलं. खाली पाहूनही लक्ष्य दिसतं ते असं.

मग ते विमान नव्वद अंशात आडवं वळतं. त्याच्या वेगातला तुमच्या दिशेचा भाग शून्य होतो. रडारच्या दृष्टीने ते जमिनीइतक्याच वेगाने, २५० ने, जवळ येतंय, म्हणजे नेमकं कापलेल्या पट्टीत शिरलंय. आपण सगळे याला नॉच म्हणतो. समजा ती पट्टी जमिनीच्या वेगाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर प्रतिसेकंद एवढी आहे (आकडा उदाहरणापुरता घेतलाय). तर २५० च्या वेगाचं विमान अचूक आडव्या दिशेपासून दोन्हीकडे साधारण साडेअकरा अंशांपर्यंत लपतं. एकूण तेवीस अंशांची फट. वैमानिकाला ती फट राखणं कठीण जातं, कारण तुम्ही हलता तशी तीही हलते. म्हणून चांगला प्रतिस्पर्धी धोकासूचक यंत्रावरची (शत्रूचं रडार कुठल्या दिशेला आहे ते दाखवणाऱ्या) तुमची खूण बरोबर आपल्या पंखावर, तीन किंवा नऊच्या काट्यावर धरून ठेवतो आणि त्याच वेळी खाली उतरतो. उतरण्याचं कारण एवढंच की तुम्हाला खाली पाहायला लावलं, तर जमीन त्याच्या मागे येते.

अशा वेळी काय करायचं? तुम्हीच खाली उतरा. तो तुमच्या वर आला की त्याच्या मागे आकाश असतं. एफ-१४ मध्ये मागच्या सीटवरचा रडार अधिकारी पल्स मोडवर जाऊन नॉचमधलं विमान पुन्हा शोधू शकतो, कारण त्या मोडला डॉप्लरची गाळणी नाही. मागे आकाश असेल तर हे उत्तम चालतं, मागे डोंगर असतील तर मिग-२१ चीच कथा. लक्ष्य गेल्यावर रडार काही सेकंद अंदाजाने त्याची खूण पुढे सरकवत राहतं. ती खूण पाहून क्षेपणास्त्र सोडू नका.

पल्स किती भराभर सोडायच्या हा रडारचा सगळ्यात अवघड सौदा. कड्यासमोर उभं राहून हाक मारा. प्रतिध्वनी येईपर्यंत थांबलात तर अंतर नक्की कळतं. भराभर हाका मारल्या तर कुठला प्रतिध्वनी कुठल्या हाकेचा ते कळत नाही. सेकंदाला हजार पल्स असतील तर दीडशे किलोमीटरपर्यंत अंतराचा घोळ होत नाही, पण वेगाचा घोळ दर पंधरा मीटर प्रतिसेकंदाला होतो. लाख पल्स असतील तर वेग स्वच्छ, आणि अंतराचा घोळ दर दीड किलोमीटरला. तुमच्या मिराजमध्ये एचएफआर, ईएनटी आणि बीएफआर असा निवडीचा स्विच आहे तो यासाठीच: जास्त, आलटून पालटून, आणि कमी. जास्त पल्सच्या मोडमध्ये समोरून येणारं विमान खूप लांबून दिसतं, कारण त्याचा वेग जमिनीच्या कुठल्याही तुकड्याच्या वेगापेक्षा जास्त असतो आणि ते मोकळ्या पट्टीत उठून दिसतं. पाठ करून पळणारं विमान मात्र बाजूच्या किरणांतून आलेल्या जमिनीच्या प्रतिध्वनींत बुडतं. माझा सल्ला: शोधताना ईएनटी, आणि पाठलाग सुरू झाला की बीएफआर.

चाफचाही, म्हणजे रडारला फसवायला विमानातून सोडलेल्या धातूच्या पट्ट्यांचाही, संबंध याच गोष्टीशी आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच फोलपट. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी धातूच्या पट्ट्या पहिल्यांदा सोडल्या. जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या लांबीच्या त्या पट्ट्यांनी पडदे भरून गेले. पण हवेत सोडलेली पट्टी क्षणात वेग गमावते आणि वाऱ्याबरोबर तरंगते. डॉप्लर रडारसाठी ती जवळजवळ जमिनीच्याच पट्टीत जाते आणि कापली जाते. म्हणून समोरून येताना सोडलेला चाफ फारसा कामाचा नाही. विमान स्वतः आडवं असेल तेव्हा तो कामी येतो, कारण तेव्हा रडारला दोघांचा वेग सारखाच दिसतो. बऱ्याच सिम्युलेटरांत चाफ म्हणजे नुसता शक्यतेचा फासा असतो, इतके सोडले की इतके टक्के वाचाल. तिथे मी वास्तवतेचे गुण कापतो. कॉकपिटमधला प्रत्येक स्विच बरोबर जागी असला तरी कापतो.

आता असा भाग, ज्यामुळे निम्म्याहून जास्त लोक 'बग' म्हणून तक्रार करतात. माझा अनुभव असा की दहापैकी सात वेळा लक्ष्य नॉचमध्ये नसतंच, अँटेना चुकीच्या उंचीवर पाहत असते. लढाऊ रडारचा किरण साधारण तीन-साडेतीन अंशांचा. सत्तर किलोमीटरवर त्याची उभी जाडी चारेक किलोमीटर होते, पण पंधरा किलोमीटरवर जेमतेम नऊशे मीटर. म्हणजे लक्ष्य जवळ येतं तसं ते किरणातून सहज निसटतं. एका ओळीऐवजी चार ओळी पाहायला सांगितलं तर उभा पट्टा रुंदावतो, पण वेळ लागतो. अँटेना सेकंदाला साठ अंश फिरते असं धरलं, तर एकशेवीस अंशांच्या चार ओळींना आठ सेकंद. तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून कर्सरच्या वर-खाली दिसणारे उंचीचे दोन आकडे सतत वाचायची सवय लावा. लक्ष्याची उंची त्या दोन आकड्यांच्या मध्ये नसेल तर ते दिसणार नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं हे आकडे वाचतच नव्हतो.

अंतराबद्दल एवढंच लक्षात ठेवा: लहर जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते, म्हणून प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. पल्ला दुप्पट करायला सोळापट ताकद लागते. उलट लक्ष्याचं परावर्तन सोळा पटींनी कमी केलं तरी पल्ला फक्त निम्मा होतो. 'स्टेल्थ म्हणजे अदृश्य' हा समज त्यामुळेच चुकीचा. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात बुद्यानोव्त्सी गावाजवळ एफ-११७ हे अमेरिकी स्टेल्थ विमान पडलं. झोल्तान दानी यांच्या तुकडीने ते साठच्या दशकातल्या नेवा क्षेपणास्त्राने पाडलं, आणि त्यांच्याकडचं शोध रडार दोनेक मीटर लांबीच्या तरंगांवर चालणारं होतं. त्या तरंगांवर एफ-११७ ची कोनदार घडण तितकी उपयोगी पडत नाही. आणि धोकासूचक यंत्रापर्यंत लहर एकाच दिशेने प्रवास करते, म्हणून तुमचं रडार त्याला पाहण्याच्या कितीतरी आधी त्याला तुमचा पत्ता लागलेला असतो.

आता 'खऱ्या विमानात पट्टीची रुंदी नेमकी किती' हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो आकडा कुणी देणार नाही आणि मागूही नये. १९७९ ते १९८५ या काळात मॉस्कोच्या फाझोट्रॉन संस्थेतल्या अडॉल्फ तोल्काचेव्ह या अभियंत्याने सोव्हिएत लढाऊ रडारांची कागदपत्रं सीआयएला पुरवली. १९८६ साली त्याला मृत्युदंड झाला. गाळणी काय टाकते हे शत्रूला कळलं की त्या रडारपासून लपायचं कसं तेही कळतं, इतकी त्या आकड्याची किंमत. अलीकडे एका ऑनलाइन युद्धखेळाच्या चर्चेत वाद जिंकण्यासाठी लोकांनी मर्यादित वापराची कागदपत्रं टाकल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू आहे. कुणी असं काही पाठवलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका. सिम्युलेटरला आकडा नेमका हवा असं नाही. पट्टी आहे का, ती कोनाप्रमाणे सरकते का, आणि मागे आकाश असताना ती सैल पडते का, एवढं बरोबर असलं तर तिथे शिकलेले डावपेच खरे असतात.

हे स्वतः तपासा. मिशन एडिटरमध्ये तुमचं विमान सहा हजार मीटरवर ठेवा, लक्ष्य दीड हजार मीटरवर, साठ किलोमीटर समोर, आणि त्याला अर्ध्या वाटेत नव्वद अंश वळायला लावा. ते कुठल्या कोनात नाहीसं होतं आणि कुठल्या कोनात परत येतं ते लिहून ठेवा. मग उंच्या उलट करा: तुम्ही पाचशे मीटरवर, तो सहा हजारावर. दुसऱ्या वेळीही ते तितक्याच कोनात तसंच पुसलं गेलं, तर तो मुद्दा नक्की बग म्हणून नोंदवा, सोबत ट्रॅक फाइल (त्या उड्डाणाची नोंद) जोडा. तुमच्या मूळ मिशनची उंची आणि त्या वेळी पीआरएफचा (पल्स किती भराभर सोडायच्या तो) स्विच कुठे होता ते इथे लिहिलंत तर मीही ते उडवून पाहतो.