चेतापेशींचा निरोप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मज्जातंतूंतून वीज वाहते, असे आम्हाला शिकवतात. ती घरातल्या तारेतल्या विजेसारखीच असते का? (बारावीची विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : नाही. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. चेतापेशीत, म्हणजे मज्जातंतू जिच्यातून निघतो त्या पेशीत, सोडियम-पोटॅशियमचे भारित कण पेशीच्या आवरणातून आत-बाहेर करतात. उद्दीपन नसताना पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेसे उद्दीपन झाले की सोडियमची दारे उघडतात, क्षणभर सारे उलटते आणि हा बदल तंतूवरून पुढे सरकत जातो. दोन पेशींमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी सुमारे २० नॅनोमीटरची फट असते आणि ती निरोप रसायनाच्या हाती देऊनच ओलांडावी लागते. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाला जाणारी व्हेगस चेता उद्दीपित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्या हृदयातले द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा तेही मंदावले. ते रसायन म्हणजे असिटिलकोलीन. ते खाली पुन्हा भेटेल.

प्रश्न : तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो आणि आग नंतर होते, ते का? (गृहिणी, पंचवटी)

उत्तर : हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, मेंदूला खबर मागाहून लागते. शिवाय रेंगाळणारी आग वाहून नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचे, म्हणजे निरोपाचा वेग वाढवणारे चरबीयुक्त, वेष्टन नसते. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच.

प्रश्न : द्राक्षबागेत औषध फवारून आल्यावर भावाला दरदरून घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या. डॉक्टरांनी नसांवर परिणाम झाल्याचे सांगितले. (बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : आपण ज्याला औषध म्हणतो ते विष आहे, हे आधी नमूद करतो. ही लक्षणे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेत दिसतात. चेतेच्या टोकाशी सुटलेले असिटिलकोलीन आपले काम करताच एक एन्झाइम काही मिलिसेकंदांत त्याचे तुकडे करते, म्हणून पुढच्या निरोपाला जागा मोकळी होते. हे विष नेमके त्या एन्झाइमला चिकटून बसते. असिटिलकोलीन साचत जाते, ग्रंथी पाझरत राहतात, श्वासनलिकांत स्राव भरतो, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध लाळ, घाम आणि श्वासनलिकांतला स्राव आवरते, पण स्नायूंच्या दुबळेपणावर त्याचा उपयोग होत नाही. विष कातडीतूनही आत जाते, त्यामुळे भिजलेले कपडे तत्काळ उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि डॉक्टरांना दाखवायला बाटलीचे लेबल सोबत न्यावे. घाम-लाळ थांबली म्हणून डिस्चार्जची घाई मात्र करू नये, कारण एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात.