तालुका कोर्टात हरल्यावर जिल्हा न्यायालय सोडून सरळ हायकोर्टात गेलं तर?

तुम्ही विचारलंय की जिल्हा न्यायालय नेमकं करतं काय, आणि जमिनीचा दावा तालुक्याला हरल्यावर तिथे वेळ घालवण्यापेक्षा सरळ हायकोर्ट का गाठू नये. हा सल्ला देणारा आमच्या दाजींच्या जातकुळीतला असावा.

आमचा वाद विहिरीचा. आजोबांच्या मोडी खरेदीखतात 'विहिरीत चार आणे हिस्सा, पाण्याच्या पाळीसह' असं स्वच्छ लिहिलेलं. कागदावर कोर्टाची निशाणीही, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडलेली. तरी तालुक्याच्या निकालात एका ओळीत उरकलं: हिस्सा शाबीत नाही. घरी बैठक बसली. दाजी म्हणाले, "जिल्ह्याला काय, खालचंच वर सरकवतात. मुंबईचा वकील बघा, ९० दिवस आहेत हातात." वडील गप्प. मी नकलेचा अर्ज टाकला आणि जिल्ह्याला अपील लावलं.

युक्तिवादाच्या दिवशी जज्जसाहेबांनी समोरच्या वकिलांना मध्येच थांबवलं. तालुक्याहून आलेल्या रेकॉर्डमधून खरेदीखताचं लिप्यंतर काढलं, चतुःसीमेपासून खाली बोट फिरवत 'चार आणे'पाशी थांबले आणि विचारलं, "हे खोटं आहे असं म्हणणं आहे का?" वकील म्हणाले, तसं नाही, पण पाळी यांनी कधी घेतलीच नाही. मग साहेबांनी आमच्या साक्षीदाराची उलटतपासणी वाचून दाखवली. सोमवार-मंगळवार पाणी आमचं, हे त्यांच्याच प्रश्नाला आलेलं उत्तर होतं! अपील मंजूर झालं.

पहिल्या अपिलात पुरावा असा पुन्हा तोलला जातो. त्यापुढचं दुसरं अपील हायकोर्टात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. पाळी कोणाची होती हे तिथे सहसा कोणी उकरत बसत नाही.

बाकी खुनाचे खटले हेच जज्ज सत्र न्यायाधीश म्हणून चालवतात. त्यांनी दिलेली फाशी हायकोर्टाने कायम करावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच. दावा आई-बहिणीच्या नावे असेल तर तिथे अर्ज करा, बायकांना उत्पन्न न बघता वकील मिळतो.

जिल्ह्याला अपील करायला तुम्हाला मुदत ३० दिवसांची. नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. ९० दिवस हायकोर्टातल्या अपिलाचे, ते धरून बसला असता तर आमची मुदत घरातच संपली असती. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज द्याच, नुसत्या अपिलाने समोरच्याची दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, थांबत नाही.

आता एक राहिलं. निकाल सीनियर डिव्हिजनचा, म्हणजे वरच्या दर्जाच्या दिवाणी न्यायाधीशाचा, आणि दाव्याची किंमत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर पहिलं अपीलच हायकोर्टात जातं. तेवढं वकिलाला विचारून घ्या. आमचा दावा ज्युनियर डिव्हिजनचा होता, आणि हे दाजींना तेव्हाही ठाऊक होतं.