बाळाचा दिवस कोणाच्या हाती?

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. मी एका खासगी बँकेत नोकरी करते आणि माझे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तीन शिफ्टमध्ये कामाला आहेत. आतापर्यंत माझी आई बाळाला सांभाळत होती, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती आता जळगावला परत जात आहे. सासूबाई म्हणतात, बाळाला निफाडजवळ गावी आमच्यापाशी ठेवा आणि शाळेत घालायच्या वेळी घेऊन जा. शेजारच्या काकूंच्या मते आई नोकरीला गेली की मुले हट्टी आणि अबोल होतात. घरापासून दहा मिनिटांवर एक पाळणाघर आहे. राजीनामा द्यावा असे रोज मनात येते, पण घराचे हप्ते दोघांच्या पगारावर चालतात. बाळाच्या दृष्टीने योग्य काय ठरेल?

उत्तर : आई नोकरी करते एवढ्यावरून मूल हट्टी किंवा अबोल होते, असे म्हणायला आधार नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या मनावरचा निम्मा भार त्या एका वाक्याचा आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला होता. त्यातली निरीक्षणे मुख्यतः घराला पारख्या झालेल्या आणि संस्थांमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या मुलांची होती. पुढे आईपासून दुरावल्याने मुलाचे नुकसान होते हा त्यातला निष्कर्ष सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या आयांनाही लावला गेला आणि अनेक घरांत तो अजून ऐकू येतो.

नंतरचे संशोधन अधिक बारकाईने बोलते. अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य व मानवी विकास संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांची वाढ जन्मापासून अनेक वर्षे पाहिली गेली. पाळणाघरासारख्या ज्या ठिकाणी देखभाल चांगली होती, तिथल्या मुलांची भाषा आणि आकलन थोडे पुढे होते. आठवड्यातले खूप तास अशा ठिकाणी काढणाऱ्या मुलांत आडमुठेपणाच्या तक्रारी किंचित जास्त आढळल्या, तरी बहुतेकांच्या बाबतीत त्या वयाला साजेशा मर्यादेतच होत्या. या सर्वांपेक्षा घरातले वातावरण आणि आईवडिलांचे मुलाशी वागणे यांचा संबंध अधिक ठळक दिसला. तो देश वेगळा आणि तिथली कुटुंबेही वेगळी, त्यामुळे ते आकडे मी नाशिकला जसेच्या तसे लावणार नाही. परंतु नोकरी सोडू की नको या प्रश्नाआधी, त्या आठ-नऊ तासांत बाळाकडे कोण लक्ष देणार आणि ती व्यक्ती टिकणार का, हे विचारायला हवे, एवढे त्यातून नक्की घेता येते.

सासूबाईंच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही बाळाला दोन-तीन वर्षे गावी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात मूल आपली माणसे पक्की ओळखते आणि त्यांच्यापासून दूर होताना कासावीस होते. ते आजीला रुळेल, तिचा लळाही लागेल, पण नंतर शाळेसाठी नाशिकला आणताना त्याला दुसऱ्यांदा आपले माणूस सोडावे लागेल. शिवाय द्राक्षबागाईतदाराचे घर असेल, तर ऑक्टोबरच्या छाटणीपासून मालाची तोडणी होईपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांचा जीव बागेत अडकलेला असतो, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना एक विनंती करून पाहा. पाळणाघराचे पहिले पंधरा दिवस त्यांनी तुमच्याकडे येऊन राहावे, म्हणजे सुरुवातीला बाळाला तिथे दोन तास, मग चार तास असे ठेवता येईल.

पाळणाघर पाहायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीच घरे आवरलेली असतात. दुपारी साडेतीनच्या सुमारास, मुले झोपेतून उठतात तेव्हा जा. मी असे एक पाळणाघर पाहिले आहे, जिथे घामाने भिजलेली दीड वर्षांची मुलगी रडत उठली, तेव्हा तिथल्या ताईंनी तिला कडेवर घेतले आणि म्हणाल्या, "उठलं का माझं सोनं? किती घाम आलाय बघ. चल, आपण तोंड धुऊ." मग तोंड पुसताना त्या पाणी, टॉवेल, नाक, कान असे बोलत राहिल्या आणि मुलगी हुंदके देता देता "कान" म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी टीव्ही सुरू होता, रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्कीट आले, पण त्याच्याकडे पाहून कोणी एक शब्द बोलले नाही. दोन्हीकडची फरशी स्वच्छ होती आणि दोन्हीकडे खेळणी होती. अशा छोट्या बोलण्यातूनच या वयात भाषा येते आणि आपण रडलो तर कोणीतरी येते हा विश्वासही येतो. म्हणून ताई बाळाशी किती बोलतात ते पाहा. एका ताईकडे किती मुले आहेत आणि त्या किती वर्षांपासून तिथे आहेत, हे विचारा. एवढ्या लहान तीन-चार मुलांमागे एक ताई असावी असे मला वाटते, आणि दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर फी कमी असली तरी ते ठिकाण टाळावे.

तुमच्या बँकेतही चौकशी करा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभाही दिली आहे. अनेक जणींना त्याची माहिती नसते आणि विचारल्याशिवाय ती कोणी देत नाही.

तुमच्या पत्रात यजमानांच्या शिफ्टचा उल्लेख आहे, पण त्यांच्या वाट्याला बाळाचा कोणता वेळ येतो ते नाही. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ते दुपारीच मोकळे होत असतील, तर बाळाला आणणे, अंघोळ घालणे आणि संध्याकाळचा वरणभात भरवणे हे त्यांचे काम ठरवून टाका. रात्रपाळीच्या आठवड्यात ते जमणार नाही, पण बाळाला तोपर्यंत बाबांच्या हातची सवय लागलेली असेल. राजीनाम्याबद्दल एवढेच सांगते की, हप्त्यांच्या काळजीने ग्रासलेले घरही बाळाला जाणवते. त्यामुळे तो निर्णय काकूंच्या बोलण्यावरून घेऊ नका. घरी राहावे असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर हिशेब मांडून ठरवा. तो निर्णयही तितकाच योग्य असेल.

पहिल्या काही आठवड्यांत तुम्ही पाळणाघराच्या दारात दिसताच बाळ भोकाड पसरेल आणि ताई सांगतील की दिवसभर तर छान खेळत होता. तुमचा जीव कळवळेल. परंतु दिवसभर धरून ठेवलेले रडे मूल आपल्या माणसाजवळच मोकळे करते. तेव्हा घरी पोहोचल्यावर पर्स आणि मोबाईल बाजूला ठेवा, कुकर अर्धा तास उशिरा लावा आणि त्याला मांडीवर घेऊन नुसते बसा.