सेगोवियाचा अल्काझार: राजवाडा आणि तोफखान्याचे विद्यालय

प्रश्न : स्पेनमधील सेगोवियाच्या अल्काझार या राजकिल्ल्यात लष्करी विद्यालय कसे आले?

उत्तर : एरेस्मा आणि क्लामोरेस या नद्यांच्या संगमावरील अरुंद कड्यावर उभा असलेला हा किल्ला कास्तील या स्पेनमधील जुन्या राज्याच्या राजांचे आवडते निवासस्थान होता, आणि 1474 मध्ये तेथील राणी इसाबेला याच किल्ल्यातून राज्याभिषेकासाठी निघाली होती. पुढे राजदरबार माद्रिदला स्थिरावल्यावर त्याचे महत्त्व ओसरले आणि दीर्घकाळ तो तुरुंग म्हणून वापरला गेला. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने 1764 मध्ये येथे तोफखान्याचे राजविद्यालय स्थापन केले, तेव्हा वास्तूला खऱ्या अर्थाने नवे आयुष्य मिळाले. या विद्यालयाचा भर कवायतीइतकाच गणित व विज्ञानावर होता. रासायनिक संयुगांतील घटकांचे वजनी प्रमाण ठरलेले असते, हा नियम मांडणारे लुई प्रूस्त येथेच रसायनशास्त्र शिकवत, ही गोष्ट आम्हाला किल्ल्याच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोलाची वाटते. 6 मार्च 1862 रोजी लागलेल्या आगीत दालनांची कोरीव लाकडी छते भस्मसात झाली आणि विद्यालयाला किल्ला सोडावा लागला. जीर्णोद्धार 1882 मध्ये सुरू झाला. आज तेथे संग्रहालय आणि लष्करी दफ्तरखाना आहे.