द्वारका कोण, असे तू विचारलेस

प्रिय सई,

परवा दिवाळीसाठी तुला पितळेची भांडी घासायला बसवले, तेव्हा तांब्याच्या काठाखालची ठिपक्यांची अक्षरे बोटाने चाचपत तू मोठ्याने वाचलीस: ‘चि. सौ. कां. द्वारका हीस मामांकडून सप्रेम भेट, १९४१.’ रविवारच्या मराठी शाळेत शिकलेले तुला असे वाचता आले याचा आनंद मला होतो आहे, तोच तू विचारलेस, “बाबा, द्वारका कोण? आपल्या घरात हे नाव कधीच कुणी घेत नाही.” ती तुझी इंदिरा पणजीच, लग्नात तिचे नाव बदलले, असे मी सांगितले आणि त्यावर तू म्हणालीस, “तिला विचारलं होतं का?” मी ‘नंतर सांगतो’ म्हणून उठून गेलो. ते मी बरे केले नाही, म्हणून हे पत्र.

पद्धत सांगायला थोडकी आहे. लग्नात तबकात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत, आणि त्या दिवसापासून सासरी तिला त्याच नावाने हाक मारत. भेटीची भांडी मात्र लग्नाच्या आधीच दुकानातून नाव घालून आणलेली असत, त्यामुळे त्यांवर माहेरचे नाव राहून जाई. माझ्या आजीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

मी पुण्यात शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत लहानाचा मोठा झालो, तेव्हा हा तांब्या रात्री आजीच्या उशाशी पाणी भरून, वर फुलपात्र उपडे घालून ठेवलेला असे. वर्षातून एकदा कल्हईवाला वाड्याच्या अंगणात भट्टी लावायचा. मी भात्याजवळ उकिडवा बसून राही. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठे, मग कथिलाचा तुकडा फिरवून तो कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत जाई आणि पिवळा तांब्या आतून चांदीसारखा होई. त्याशिवाय त्यात ताक ठेवता येत नसे, कारण पितळेत ताक कळकते. आजी कल्हईवाल्याला दर वेळी बजावत असे की आतून हवे तितके कर, बाहेरून नावावर हात चालवू नकोस. घरातल्या इतर कोणत्याही भांड्यासाठी तिने असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

ते नाव मीही वाचले होते, सई. तेव्हा मी तुझ्याहून लहान असेन. त्या काळी कुणाकडे मुंज किंवा लग्न असले की अख्ख्या वाड्यातली पातेली, पराती, तांब्ये गोळा होत आणि कार्य उरकल्यावर नावे वाचून ज्याची त्याला परत जात. भांड्यावर नाव घालण्याचे ते एक मोठे कारण होते. म्हणून मला वाटले की हा तांब्या कुणा द्वारकाबाईंचा आपल्याकडे राहून गेला आहे. मी आजीला विचारले, “हा परत द्यायचा राहिला का?” तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “राहू दे. ती काही मागायला यायची नाही.” मी खेळायला पळालो. ती द्वारका आजी स्वतःच होती हे मला कळले ती गेल्यानंतर, तेराव्याच्या रात्री आत्याने सांगितले तेव्हा.

आत्याला ते ठाऊक होते पानशेतच्या पुरामुळे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले. आपल्या घरचे सगळे वेळेवर बाहेर पडले होते. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या लोकांनी चिखलातून निघालेली भांडी एका ओट्यावर मांडली आणि एक जण नावे पुकारू लागला. ‘द्वारका’ असे दोनदा पुकारले, पण कुणी पुढे येईना. गल्लीत त्या नावाचे कुणीच नव्हते. तेव्हा आजी म्हणाली, “तो माझा आहे. मीच द्वारका.” लग्न होऊन वीस वर्षे झाली होती. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती आणि आईला दुसरे नाव आहे हे तिला त्या ओट्यापाशी प्रथम समजले. आजीने तांब्या पदराने पुसला, म्हणे, आणि घरी येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर, मला वाटते, ‘नाही, विचारले नव्हते’ असेच आहे. त्या पद्धतीची बाजू मी घेणार नाही. तुझ्या आईने नाव बदलले नाही, आणि ते बदलावे असे माझ्या मनातही आले नाही. तरीही इंदिरा या नावाने तिच्यावर माया करणारी माणसे होती, आजोबा त्याच नावाने तिला हाक मारत आणि ती हसून ओ देत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते खोटे होते असे मला म्हणवत नाही. तिला कोणते नाव आवडत होते, हे मी तिला विचारायला हवे होते. तिच्याजवळ झोपून, त्याच तांब्यातले पाणी पिऊन, अठरा वर्षे मला ते सुचले नाही, आणि तुला मात्र अर्ध्या मिनिटात सुचले. परवा मी उठून गेलो तो यामुळे.

मेलबर्नला येताना तेवीस किलोंच्या सामानात हा तांब्या मी कपड्यांत गुंडाळून आणला, तेव्हा तुझ्या आईने दोन पुस्तके मागे ठेवली. पुढे तूही तो सांभाळावास असे माझे म्हणणे नाही; तुझ्या घरात त्याला जागा नसेल तर नसेल. आत्ता फक्त अक्षरांवर घासणी जोरात फिरवू नकोस. ‘द्वा’ अजून नीट लागतो, ‘का’ पुसट झाला आहे.

त्या मामांचे नाव तांब्यावर नाही आणि मलाही ते माहीत नाही. आत्याला माहीत असेल. रविवारी आपली दुपार म्हणजे तिकडची सकाळ असते, तेव्हा ती चहा घेऊन निवांत बसलेली असते. या खेपेस फोन तू लाव.

तुझा
बाबा