स्प्रिंग-ओव्हर केलेल्या जिप्सीची मागची चाकं बर्फावर उड्या का मारतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईतली मारुती जिप्सी, स्प्रिंग-ओव्हर केलेली, म्हणजे पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वर घेऊन उचललेली, ३१ इंची मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर. जानेवारीत हिमाचलमध्ये अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला गेलात, तिथे गोठलेल्या चढावर ॲक्सिलरेटर दिला की मागचा एक्सल धडधडत उड्या मारायला लागायचा. घरी आल्यावर मात्र काही नाही. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉक ॲब्सॉर्बर बदला. बदलू का?

आत्ता नका बदलू. आधी गाडीखाली वाकून बघा.

मूळ जिप्सीत मागचे पाटे एक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी पाचेक इंच उचलली जाते, पण पाटा एक्सलच्या मध्यापासून लांब जातो आणि एक्सलला पीळ बसायला जास्त वाव मिळतो. चाक पुढे फिरायला लागलं की एक्सलचं हाउसिंग उलट दिशेला फिरू बघतं, म्हणजे पिनियनचं नाक (जिथे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जोडतो) वर उचलतं. त्याला अडवायला जिप्सीत पाट्यांशिवाय दुसरं काही नाही. मग पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटली की तो झटक्यात सरळ होतो, चाक खाली आपटतं, पुन्हा पकडतं, पुन्हा पीळ. शाळेत फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की सरळ रेघेऐवजी ठिपके पडायचे, तसाच हा प्रकार.

मुंबईत का होत नाही? डांबरावर पकड इतकी असते की टायर सुटतच नाही. पाटा वाकतो तो वाकलेलाच राहतो. उलट काचेसारख्या सपाट बर्फावर पकड इतकी कमी की पाट्याला पीळ बसण्याआधीच चाक जागेवर फिरतं. उड्या येतात त्या मधल्या जागी: गोठलेल्या चाकोऱ्या, बर्फातून डोकावणारं डांबर, वर टाकलेली खडी. तिथे पकड क्षणात येते, क्षणात जाते. दोष गाडीत आधीपासून होता, सिस्सूच्या रस्त्याने फक्त दाखवून दिला.

आता तपासणी. सगळ्यात आधी हे आठवा: उड्या ॲक्सिलरेटरवर अवलंबून होत्या की वेगावर? पाय काढल्याबरोबर थांबत असतील तर प्रकरण पिळाचं. पाय काढूनही वेगाबरोबर थरथर चालूच राहत असेल, तर रिमच्या आत बर्फ भरून गोठला असण्याची शक्यता मोठी. बर्फात गाडी रात्रभर उभी राहिली की हे हमखास होतं आणि चाकाचं बॅलन्सिंग पार बिघडतं. काठीने खरवडून काढला की संपलं. मागे साखळ्या लावल्या असतील तर त्यांच्या आडव्या कड्यांचे ठोके वेगळेच. कमी वेगात ते मोजता येतात इतके नियमित असतात.

तुम्ही लिहिलंय की चढावर, ॲक्सिलरेटर दिला की. म्हणजे माझा संशय पिळावरच आहे. पण टू-व्हील आणि फोर-व्हील, दोन्हींत करून पाहिलंत का, ते लिहिलेलं नाही. फोर-हायमध्ये (फोर-व्हीलच्या वेगवान गिअरमध्ये) टॉर्क पुढच्या चाकांनाही जातो, त्यामुळे उड्या कमी झाल्या तर मागच्या एक्सलचा पीळ जवळपास पक्का. उलट फोर-हायमध्येच वाढत असतील तर टायर मोजा. जिप्सीला मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असला की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि निसरडी जागा आली की तो ताण झटक्याने सुटतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक फेरा पूर्ण करा, टेपने अंतर मोजा. चारही चाकांचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन टायर एकदा आणि दोन नंतर घेतले असतील तर फरक सापडायची शक्यता बरीच.

टायरमधल्या हवेवर लगेच खापर फोडू नका. मुंबईच्या ३० अंशांतून उणे १० मध्ये गेलात की टायरमधली साधारण सहा पीएसआय हवा थंडीने ‘कमी’ होते, पण ३,१०० मीटर उंचीवर बाहेरचाच दाब कमी असल्यामुळे गेज साडेचारेक पीएसआय जास्त दाखवतं. हिशेब बराचसा फिटतो. मड-टेरेन टायर हा मात्र खरा गुन्हेगारांपैकी एक. त्याचे ठोकळे मोठे, त्यांत बर्फ धरणाऱ्या बारीक चिरा नाहीत, आणि थंडीत रबर कडक होतं. बर्फावर तो दिसायलाच रुबाबदार.

गाडीखाली बघायचं ते असं. गाडी सपाट जागी, स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. एक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. पाट्यावर आणि त्याच्या बैठकीवर सलग एक रंगाची रेघ ओढून ठेवा. आठवडाभर चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर एक्सल पाट्यावर सरकतोय, पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्टही तुटलेला असू शकतो. पुढच्या ते मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलंत तर एक्सल तिरका झालाय का तेही कळेल. पाट्याच्या पुढच्या आयचे (टोकाच्या वेटोळ्याचे) आणि शॅकलचे (टोकाला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश पहारीने हलवून बघा. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) हाताने पिळून बघा. आणि पाट्यांना आवळून धरणाऱ्या क्लिपा जागेवर आहेत का? गाडीने जास्त ‘फ्लेक्स’ करावं म्हणून लोक त्या काढून टाकतात. मग वरचे पाटे मोकळे होतात आणि पिळाला अडवायला कुणी उरत नाही. मी बघितलेल्या बऱ्याच स्प्रिंग-ओव्हर जिप्स्यांत त्या गायब होत्या.

खात्री करायला परत हिमाचलला जायची गरज नाही. कर्जतच्या पुढे सुट्या मुरमाचा एखादा चढ गाठा. मागच्या बंपरखाली ॲक्शन कॅमेरा असा बांधा की पाटा आणि पिनियन दोन्ही दिसतील. टू-व्हीलमध्ये, पहिल्या गिअरला चढा. उडी सुरू झाली की लगेच पाय काढा. रेटत राहिलात तर एक्सल शाफ्ट किंवा क्रॉस तुटतो आणि मग कर्जतहून टोइंग. व्हिडिओ हळू करून बघा. नाक वर-खाली नाचत असेल तर निदान झालं. नाक स्थिर आणि चाक मात्र उडतंय, तर शॉक बदला म्हणणारा गॅरेजवाला बरोबर. उचललेल्या गाडीला जुन्याच लांबीचे शॉक असतील तर ते पूर्ण ताणून संपतात आणि चाक खाली जायचं तिथे लटकतं, तेव्हा लांबीही बघा.

नाक नाचत असेल तर आधी क्लिपा, बुश आणि यू-बोल्ट. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रॅक्शन बार: हाउसिंगवरून पुढे चासीच्या क्रॉस मेंबरपर्यंत जाणारा दांडा. त्याचं पुढचं टोक शॅकलवरच हवं. सरळ बोल्टने जखडलंत तर एक्सल वर-खाली जाताना दांडा अडतो आणि ब्रॅकेट फाटतं. हाउसिंगवर वेल्डिंग थोडं थोडं, थंड होऊ देत करायला सांगा, नाहीतर नळी वाकते. (अशा बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं तेही एकदा वाचा.) बार बसल्यावर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा व्हिडिओ काढा. दोन्ही व्हिडिओ इथे टाकलेत तर बघून सांगतो.