मोबाईलचं व्यसन नेमकं कोणत्या मुलांना लागतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, शाळेतून आली की झोपेपर्यंत फोन सोडत नाही, आणि विचारलंय की असं व्यसन कोणत्या मुलांना लागतं.

आधी एक सांगतो, नुसते तास मोजू नका. कोरियन संशोधकांनी २०१३ साली किशोरवयीन मुलांसाठी १० विधानांची एक चाचणी प्रसिद्ध केली, ती अजूनही बऱ्याच देशांत वापरतात. रोज किती तास फोन बघतोस, हे तिच्यात विचारलेलंच नाही. ठरवलेलं काम राहून जातं का, वर्गात लक्ष उडतं का, मान-मनगट दुखतं का, फोन जवळ नसला की जीव कासावीस होतो का, असं विचारलंय.

मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत फोनच्या आधीपासून काहीतरी बिनसलेलं असतं. मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलेलं, घरात रोजची भांडणं, किंवा दहावीची इतकी धास्ती की पुस्तक उघडायचीच भीती. फोनमध्ये डोकं घातलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एकट्या पडलेल्या, उदास किंवा सतत काळजी करणाऱ्या मुलांना धोका जास्त. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त असतो असा विकार) असलेल्यांनाही, कारण मनाला आवर घालणं त्यांना मुळातच जड जातं. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं: रात्री जागरण, सकाळी चिडचिड, अभ्यास मागे, त्यावरून बोलणी, की पुन्हा फोन. म्हणून उशाशी फोन घेऊन झोपणं मला सगळ्यात जास्त खटकतं. मुलगे बहुधा गेममध्ये अडकतात आणि मुली इन्स्टावर, पण हा काही नियम नव्हे.

घरातल्या सवयीही बघा. (राग मानू नका.) सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यात आवडलं ते हे, की मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागला. जेवताना बाबांच्या ताटाशेजारी फोन असेल, तर मुलीवर ओरडून काही उपयोग नाही.

लगेच फोन हिसकावू नका. शाळेत सध्या कोणाबरोबर डबा खाते, झोप किती होते, आधी आवडणाऱ्या कोणत्या गोष्टी सोडल्या, हे गप्पांच्या ओघात काढून घ्या. झोप, जेवण किंवा शाळा बिघडली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.